गाव कुठलं तुमचं?

परदेशात वर्षभर राहून आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहावे, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच होऊन बसला आहे. मी परतले त्याच आठवड्यात कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी "मग, पुस्तक कधी?" असे विचारायला सुरुवात केली. मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर मॉरिशसचा निळा समुद्र, पांढरी वाळू आणि सात रंगांची माती यांच्यावर माझ्याआधी पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि त्या वर्षभरातले मला जे खरोखर आठवते ते यांतले काहीच नाही. मला आठवतो तो एक टॅक्सीवाला आणि त्याच्याबरोबरचा तासाभराचा प्रवास. त्या तासात त्याने मला एक साधा प्रश्न विचारला. मी मराठीची एम. ए., वीस वर्षे वर्गात उभी राहून बोलणारी. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही.

आधी तिकडे गेलेच कशी ते सांगते. आमच्या 'ह्यां'ना संगणकाच्या कामासाठी तिकडे वर्षभराची नेमणूक मिळाली. मी बिनपगारी रजा टाकली, सासूबाईंना जाऊबाईंच्या हवाली केले आणि २०२२ च्या जूनमध्ये जयसिंगपूर सोडले. आमचे बिऱ्हाड होते कात्र बोर्न नावाच्या गावात. नाव फ्रेंच, राज्यकारभार इंग्रजीत, रस्त्यावरची भाषा क्रिओल, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळते ती ढोलपुरी! पहिल्या दिवशी मी ती मोठ्या आशेने उघडली, तर आत डाळीचे पुरण; पण गुळाचा पत्ता नाही. तिखट चटणीबरोबर खायची. आपली पुरणपोळी कोणीतरी बोटीत घालून नेली आणि गूळ तेवढा धक्क्यावरच राहून गेला, असे मला वाटले. पुढे कळले की ती मूळची बिहारकडची. पण परक्या मुलखात माणूस ओळखीच्या खुणा शोधू लागला म्हणजे असे होतेच.

तिथे मराठी मंडळी आहेत हे मी ऐकून होते. आपले बहुतेक वाचकही जाणून असतील. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि तिथून जी रीघ लागली ती पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिली. एकंदर साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून त्या चिमुकल्या बेटावर गेली. का, तर ऊस. डचांनी १६३९ साली जावाहून ऊस आणून तिथे लावला, फ्रेंचांनी तो वाढवला, इंग्रजांनी त्याचे रान माजवले. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा मळेवाल्यांना नवी माणसे हवी होती. ती करारावर आणली गेली. महिना पाच रुपये आणि शिधा. बहुतेक लोक बिहारकडचे आणि मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातूनही, विशेषतः १८४० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत, कोकणातली आणि घाटावरची माणसे गेली. त्यांची पतवंडे आज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि शाळांत मराठी हा विषय घेता येतो.

हे सारे मी पुस्तकातून वाचले होते. ऑगस्टच्या अखेरीस, गणपती चार दिवसांवर आलेले असताना, कास्कावेल या गावचे मराठी देऊळ पाहावे असे मनात आले. पश्चिम किनाऱ्याकडचा तो भाग मराठी वस्तीचा म्हणून ओळखला जातो. बस चुकली, म्हणून टॅक्सीच्या थांब्यावर गेले. तिथे मीटरची भानगड फारशी नाही. आधी भाव ठरवायचा. मी ठरवला. म्हणजे त्यांनी जो सांगितला त्याच्या निम्मा मी सांगितला आणि शेवटी त्यांच्याच आकड्याच्या जवळपास आम्ही दोघे पोचलो.

गाडीवान पासष्टीच्या घरातले, काळेसावळे, डोक्यावर चपटी टोपी. पुढच्या काचेशी छोटा गणपती. तो पाहून मी हिंदीत विचारले, "आप हिंदू हैं?"

"मराठी," ते म्हणाले. त्या शब्दातला 'ठ' त्यांच्या जिभेवर 'ट'कडे झुकत होता. पण शब्द आपला होता.

मी एकदम मराठीत सुरू झाले. दोनतीन वाक्ये बोलले असेन. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले आणि हात हलवला. "स्लो, मॅडम, स्लो!"

मग आमचे संभाषण जे चालले ते चार भाषांचे कडबोळे होते. थोडे इंग्रजी, सिनेमातून शिकलेले हिंदी, मधूनच क्रिओल, आणि तळाशी कुठेतरी मराठीचे खडे. आता सगळे मराठीत लिहिते आहे ते सोयीसाठी. त्यांना येणारे मराठी आजीकडून आलेले, आणि आजीने वापरले तेवढेच शिल्लक. ते त्यांनी मला मोजून दाखवले. जेवलास काय. गप बस. मेल्या. इकडे ये. भात. आंबट. देव बघतोय.

"शिव्या आणि जेवण," मी म्हटले.

"आजी आणखी काय बोलणार?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही हसलो.

नाव विचारले, तर आडनाव म्हणून त्यांनी सांगितले ते आमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्याचे पहिले नाव शोभेल असे, पुढे 'जी' जोडलेले. तिकडे बहुतेकांचे असेच झाले आहे. धक्क्यावरच्या कारकुनाने नाव विचारले, बापाचे नाव विचारले, आणि जे कानावर पडले ते फ्रेंच-इंग्रजी धाटणीत लिहून टाकले. आडनाव सांगायची ज्यांना सवयच नव्हती त्यांच्या पहिल्या नावांची पुढे घराणी झाली.

गाडी पाल्म्याच्या रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. मी शिरोळ तालुक्यात वाढलेली बाई. उसाचे कौतुक मला कोणी सांगू नये. पण तिकडच्या उसात एक गोष्ट अशी दिसते की जी आपल्याकडे नाही. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उभे असतात, काही तर घराएवढे उंच. बेट ज्वालामुखीचे, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचले पाहिजेत.

"हे कोणी रचले?" मी विचारले.

"आम्ही," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "म्हणजे मी नाही. मी शाळेत गेलो."

गणपतीचा विषय निघाला. त्यांच्या घरी दीड दिवसाचा असतो. आरती सगळे म्हणतात, पण वहीत ती रोमन अक्षरांत लिहिलेली आहे. रात्री पुरुषमंडळी कोंडाळे करून नाचतात, त्याला 'झाकरी' म्हणतात. हा शब्द ऐकला मात्र, माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. म्हटले, ही तर कोकणातली जाखडी! ढोलकीच्या तालावर, पायात चाळ बांधून, गोल फेर धरून नाचतात ती. 'ड'चा 'र' झाला एवढेच. इंग्रजी-फ्रेंच लिपीत 'ड' लिहायची पंचाईत, म्हणून तिथे जागोजाग त्याचा 'र' होऊन बसला आहे. मी त्यांना हे सगळे उत्साहाने समजावून सांगितले. वर्गात मुले जांभया देतात तेवढ्याच वेळात. पण या विद्यार्थ्याने गाडी चक्क रस्त्याच्या कडेला घेतली.

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवता?"

"हो."

"मग एक वाचून दाखवाल?"

त्यांनी समोरच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला कागद. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. वंशजांना तिथून आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळतो. हा तसाच उतारा होता. त्यांच्या आजोबांचे आजोबा. बोट लागली ते साल १८५३. एक क्रमांक. वय बावीस. बापाचे नाव. उंची. खूण म्हणून उजव्या गालावर व्रण. फोटो नव्हता; मजुरांचे फोटो काढायची पद्धत त्यानंतर दहाएक वर्षांनी सुरू झाली. जिल्हा रत्नागिरी हे सहज लागले. त्याच्या पुढे गावाचा रकाना. त्यात जी इंग्रजी अक्षरे होती ती कशीही वाचली तरी एकच उच्चार होत होता : वारी.

"हे गाव मला पाहायचंय," ते म्हणाले. "पैसे साठवलेत. मुलगा म्हणतो, नकाशात सापडत नाही. देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला वारी म्हणजे यात्रा. यात्रेला कोण राहतो?"

मीही क्षणभर पंढरपूरच्या वारीतच अडकले होते. जयसिंगपूरच्या माणसाला दुसरे काय आठवणार? आणि मग पाचच मिनिटांपूर्वी मी दिलेले व्याख्यान माझ्याच अंगावर उलटून आले. जाखडीची झाकरी. 'ड'चा 'र'.

वाडी.

कोकणात गाव म्हणजे वाड्यांचा समूह. ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, सुतारवाडी, भंडारवाडी, खालची वाडी, वरची वाडी. माणूस घरी असतो तेव्हा त्याला नुसते 'वाडी' म्हणून भागते, कारण ऐकणाऱ्याला ती कुठली ते ठाऊक असते. बावीस वर्षांचा तो पोरगा, आयुष्यात कधी परक्याला आपले गाव सांगायची वेळ न आलेला. कारकुनाने विचारले, गाव कुठलं? तो म्हणाला, वाडी. कारकुनाने लिहिले आणि "पुढचा" म्हणून हाक मारली.

मला हे सांगणे भाग होते. मी सांगितले की त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा फार मोठा. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही त्यातच होता; सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला. त्या टापूत वाड्या शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजाव्या लागतील. यातली त्यांची कोणती, हे या एका शब्दावरून कोणालाही सांगता येणार नाही. बोलताना माझा आवाज खाली गेला होता. एखाद्याच्या घरची वाईट बातमी आपल्या तोंडून जावी तसे झाले.

ते कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो पुन्हा त्याच घड्यांवर घडी घालून पिशवीत ठेवला.

"म्हणजे त्याने बरोबरच सांगितलं होतं," ते म्हणाले. "खोटं नाही सांगितलं."

"नाही. अगदी खरं सांगितलं."

"मग ठीक आहे." गाडी सुरू झाली. "लिहिणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. एकच."

यावर मी काय बोलणार? मी खिडकीतून बाहेर पाहू लागले.

बो साँजच्या अलीकडे आमच्यापुढे उसाचा ट्रक आला. तोडणीचा हंगाम तिकडे जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. रस्ता अरुंद, ट्रक गच्च भरलेला. त्याच्या मागे गोगलगायीसारखे सरकत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. उसाचा तो वास आला आणि मला घराची अशी काही आठवण झाली की विषय बदलायचा म्हणून मी भडाभडा बोलू लागले. म्हटले, आमच्या गावालाही ऊसच ऊस. हिवाळ्यात अशाच ट्रॅक्टरच्या रांगा. चहूकडे साखर कारखाने. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे ऊस परिषद भरते, हजारो शेतकरी येतात, टनाला किती दर घ्यायचा ते तिथे गाजते. गाव शाहू महाराजांनी १९१७ साली वडिलांच्या नावाने वसवले, आखून, मोजून. गल्ल्या सरळ, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. पहिली गल्ली, दुसरी गल्ली...

"आमच्याकडे माणसांना नंबर होते," ते म्हणाले. सहजच म्हणाले, त्यात बोचरेपणा नव्हता. मग म्हणाले, "१९१७? त्याच साली करारावर माणसं नेणं बंद झालं."

मला हे ठाऊक नव्हते. त्यांनी ते शाळेत शिकले होते.

"तुमच्याकडे ऊस कोण तोडतं?" त्यांनी विचारले. "इथे आता यंत्र आहे. पोरं कोयता धरत नाहीत. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे अजून बहुतेक माणसंच."

"तुमच्या गावची?"

"काही असतात. बरीचशी बाहेरून येतात. टोळ्या येतात."

त्यांना यात फार रस वाटला. एकेक विचारू लागले, आणि मी सांगू लागले. सांगता सांगता माझे मलाच नवल वाटत होते की एवढे मला माहीत होते कधी? दसरा-दिवाळीनंतर येतात. पाचसहा महिने राहतात. निघण्याआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, ती तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एकच 'कोयता' धरतात. शेताच्या कडेला, नाहीतर कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत कोप्या घालून राहतात. पहाटे अंधारात फडावर जातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते. पोरे बांधावर. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या आहेत, पण सगळी पोरे तिथवर पोचत नाहीत.

"आणि एखाद्या दिवशी आजारी पडलं तर?"

"खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड कापतो."

"दुब्ल कट!" त्यांनी चाकावर थाप मारली.

मॉरिशसच्या मळ्यांवर एक कुप्रसिद्ध नियम होता. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. तिथल्या पोरासोरांनासुद्धा हा शब्द ठाऊक असतो. १८७१ साली नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज केला. अडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने त्यात त्यांची बाजू घेतली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडहून चौकशी आयोग आला. हे सगळे मी तिथल्या संग्रहालयात भिंतीवर वाचले होते, आणि बाहेर येऊन "काय ते हाल!" म्हणून हळहळले होते. 'खाडा' हा शब्द त्या वेळी माझ्या मनात आला नव्हता. आपल्या बीड जिल्ह्यात खाडा पडू नये म्हणून ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांच्या बातम्या २०१९ साली छापून आल्या, शासनाने चौकशी समिती नेमली, तेव्हाही मी हळहळले होते. पण वर्तमानपत्राच्या घडीबरोबर ते दुःखही मिटून ठेवले होते.

"तुमच्या घराजवळ राहतात?" त्यांनी विचारले.

"हो. आमच्या कॉलनीच्या मागेच एक मोकळी जागा आहे. दरवर्षी तिथे उतरतात. रात्री चुली दिसतात."

"किती वर्षं?"

"मी लग्न होऊन तिथं आले तेव्हापासून. अठरा वर्षं."

"कुठून येतात?"

"बीडकडून."

"ते गाव?"

"नाही, जिल्हा."

"मग गाव?"

मी गप्प झाले.

ट्रक पुढे सरकत होता. त्यांना वाटले असावे, मला प्रश्न कळला नाही. त्यांनी आजीचे मराठी जुळवून पुन्हा विचारले, "गाव? गाव कुटला?"

"माहीत नाही," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग ट्रक एका फाट्याला वळला, रस्ता मोकळा झाला आणि वेग घेता घेता ते म्हणाले, "आमच्या कारकुनाने 'वारी' तरी लिहून ठेवलं."

त्यांनी हे मला टोचायला म्हटले नव्हते, याची मी ग्वाही देते. त्यांचा स्वभावच तो नव्हता. त्या कारकुनावर इतकी वर्षे धरलेला राग त्यांनी थोडा सैल सोडला, एवढेच. पण मला मात्र पुढचा सगळा रस्ता मान वर करवेना.

कास्कावेल आले. देवळात चतुर्थीची तयारी चालली होती. बायका ताटे घासत होत्या, पोरे कागदी पताका चिकटवत होती. त्यांच्याशी माझी छान ओळख झाली, पण ती हकिकत पुन्हा केव्हातरी. उतरताना मी गाडीवानांना म्हटले, "काका, येते."

'काका' त्यांना चटकन कळले. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "ये गो बाय."

हे 'बाय' आजीचे. मोजून दाखवलेल्या शब्दांत ते नव्हते. विसरलेले कुठेतरी आत पडून राहिले असेल. भाडे मात्र त्यांनी ठरल्याप्रमाणे पुरते घेतले, वर उलट येतानाचेही आताच द्या म्हणाले. माणूस कोकणातलाच, यात शंका उरली नाही!

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो. घर, सासूबाई, कॉलेज, परीक्षांचे गठ्ठे यांत ते वर्ष विरून गेले. त्या साली दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते, तोवर एका रात्री मागच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर कोप्या उभ्या राहू लागल्या होत्या. बांबू, पाचट, निळे प्लॅस्टिक.

मनाशी ठरवून आले होते तरी मला तिथे जायला आठ दिवस लागले. पन्नास पावलांचे अंतर! रोज काहीतरी निघायचे. खरी अडचण ही की काय म्हणून जायचे? शेवटी एका संध्याकाळी चिवड्या-लाडवाचा डबा हाती घेतला. तो घेतला याची लाज वाटते. रिकाम्या हाताने जायचे धैर्य नव्हते म्हणून घेतला.

पहिल्याच कोपीपुढे एक तिशीतली बाई तीन दगडांवर भाकरी टाकत होती. मांडीवर मूल. मी डबा पुढे केला, तिने घेतला आणि पदराखाली सरकवला. मग मी विचारले, "गाव कुठलं तुमचं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "सर्वे हाय का, बाई?"

"नाही, नाही. सर्वे नाही."

"मग कशाला?"

वाचकहो, तुम्हीच सांगा, कशाला? माझ्याकडे उत्तर तयार नव्हते. तिच्या समोर समुद्र, बोटी, कारकून, वारी आणि वाडी यांची गोष्ट मी कुठून सुरू करणार? मी म्हटले, "मी इथं मागंच राहते. त्या घरात. शेजारी म्हणून विचारलं."

"बीड," ती म्हणाली.

"बीड जिल्हा. पण गाव?"

"लई आडबाजूला हाय. तुमाला न्हाई कळायचं."

"तालुका?"

"धारूर." भाकरी उलटली. "तांडा हाय आमचा."

म्हणजे वाडीच! लमाणांच्या वस्तीला तांडा म्हणतात, आणि त्या बाजूला असे तांडे किती असतील कोण जाणे. पोर्ट लुईच्या धक्क्यावरचा तो कारकून इथेच थांबला असता. मी त्याच्याहून एक प्रश्न पुढे गेले.

"कुठला तांडा?"

तिने नाव सांगितले. मग त्याच्या शेजारचे मोठे गाव सांगितले, एस. टी. कुठून सुटते ते सांगितले, आणि शेवटी, मी विचारले नव्हते तरी, स्वतःचे नाव सांगितले. ती नावे मी इथे लिहीत नाही. ती तिची आहेत, आणि छापायला मी तिची परवानगी घेतलेली नाही. पण माझ्या वहीत ती आहेत, स्वच्छ देवनागरीत, 'ड'चा 'ड' ठेवून. त्या रांगेतल्या अकरा कोप्यांची नावे त्या हिवाळ्यात मी उतरवून घेतली. दोघांनी सांगितली नाहीत. "तुम्हाला काय करायचंय?" असे एकाने तोंडावर विचारले, आणि त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

याने कोणाची उचल कमी झाली नाही, की कोणाचा खाडा माफ झाला नाही. मी काही सेवाकार्य केले असा दावा नाही. त्या मांडीवरच्या मुलाची थोरली बहीण मात्र मार्चपर्यंत संध्याकाळी आमच्या ओट्यावर पाटी घेऊन बसत असे. सासूबाईंनी तिला मुळाक्षरे शिकवली आणि तिच्याकडून लमाणी बोलीतले आकडे शिकल्या. मार्च सरता सरता ट्रॅक्टर आला आणि एका सकाळी जागा पुन्हा मोकळी झाली. तीन काळे दगड तेवढे राहिले.

मी काकांना फोनवरून एक निरोप धाडला. कास्कावेलहून परतताना त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. लिहिले : मागच्या जागेतल्या माणसांची गावे विचारली, रत्नागिरीकडच्या काही वाड्यांची नावे सोबत पाठवते, तुमची त्यांत असेल असे म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवाजात उत्तर आले. मागे झाकरीचा ढोल वाजत होता, कुठल्याशा लग्नात असावेत. म्हणाले, पुढच्या वर्षी येतो. एखादी वाडी दाखव, कुठलीही चालेल. आणि मग क्रिओलमध्ये काहीतरी लांबलचक बोलले, ते मला समजले नाही.

ते अजून आलेले नाहीत. मी वाट पाहते आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या निघालेल्या असतील. तुमच्या गावाबाहेरच्या रस्त्याने रात्री ट्रॅक्टर जातील, वर भांडीकुंडी, कोंबड्या, झोपलेली पोरे. त्यांतला एखादा तुमच्या घरामागे थांबलाच, तर फराळाचा डबा न्या अगर नेऊ नका. गाव विचारा. आणि 'बीड' म्हणाले तर तिथेच थांबू नका.